आजारी फायटर माशाची शुश्रूषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात ज्याला फायटर म्हणतात तो बेटा मासा मूळचा थायलंड आणि आसपासच्या देशांतला. तिथल्या भातखाचरांत, दलदलीत, संथ ओढ्यांत तो राहतो. कल्ल्यांच्या वर त्याला एक वेगळा श्वसन-अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. म्हणूनच तो छोट्या प्लास्टिकच्या कपात तग धरतो, आणि म्हणूनच त्याला घाण पाणी चालतं असा गैरसमज पसरलाय. घाण पाण्यात तो लगेच मरत नाही एवढंच. हळूहळू आजारी पडतो. पुढची बहुतेक उत्तरं फिरून पाण्यापाशीच येतात ती त्यामुळे.

फायटर सुस्त पडलाय, खात नाही. सगळ्यात आधी काय करायचं?

औषध आणायला धावू नका. आधी पाण्याचं तापमान बघा, मग टेस्ट किटने अमोनिया (विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजून होतो तो), त्यापासून बनणारे नायट्राइट आणि नायट्रेट, आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते) तपासा. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस हवं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास किंवा कमी. पीएच ६.५ ते ७.५ उत्तम, ८ पर्यंतही मासा जुळवून घेतो, पण तो रोज वरखाली होता कामा नये.

अमोनिया ०.२५ पीपीएम किंवा जास्त दिसला तर अर्धं पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. सुस्ती, मिटलेले पर, पृष्ठभागाशी धापा, लालसर कल्ले ही सगळी लक्षणं निव्वळ अमोनियाने होऊ शकतात. अशा माशाच्या पाण्यात औषध ओतलं की आधीच भाजलेल्या कल्ल्यांवर आणखी एक रसायन चढतं.

किट नाही. अंदाज कसा बांधायचा?

दोन-तीन लिटरचा काचेचा बाउल, फिल्टर नाही आणि चार-पाच दिवस पाणी बदललेलं नाही, तर अमोनिया आहे असंच धरून चला. मात्र पाणी कित्येक आठवड्यांचं जुनं असेल तर एकदम सगळं बदलू नका. जुन्या पाण्याचा पीएच उतरलेला असतो आणि कमी पीएचला अमोनियाचा बराचसा भाग निरुपद्रवी रूपात असतो. पीएच ७ चा ८ झाला की विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. त्यामुळे जुन्या पाण्यात ८ पीएचचं बोअरचं पाणी भसकन ओतलं की मासा तासाभरात आडवा होतो आणि लोक म्हणतात, 'पाणी बदललं म्हणून मेला'. अशा वेळी सकाळ-संध्याकाळ पाव-पाव पाणी, दोन-तीन दिवस, असं करत जा.

नळाचं, बोअरचं की आरओचं पाणी?

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादलीत उघडं २४ तास ठेवलं की ते बहुतांशी उडून जातं; घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब टाका, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीन जास्त सोडलं जाऊ शकतं. पाण्याला वास येत असेल तर नुसतं मुरवत बसू नका, थेंब वापराच.

बोअरचं पाणी जड असतं, पण त्यातच वाढलेल्या माशाला आजारपणात दुसऱ्या पाण्यात टाकणं जास्त धोक्याचं. निव्वळ आरओ पाणी नको. त्यात क्षार नसतात, मासा शरीरातले क्षार गमावतो आणि पीएच डळमळतो. फार जड पाणी सौम्य करायचं असेल तर आरओ आणि नेहमीचं पाणी निम्मं-निम्मं करा, तेही दोन-तीन दिवसांत हळूहळू.

उपचाराची वेगळी टाकी लागतेच का?

टाकीत वनस्पती, गोगलगायी किंवा इतर मासे असतील तर लागतेच. मीठ आणि बरीच औषधं वनस्पतींना आणि गोगलगायींना अपाय करतात, आणि मिथिलीन ब्लू हे निळं जंतुरोधक औषध फिल्टरमधले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही मारतं. शिवाय दहा लिटरला औषध मोजणं सोपं, साठ लिटरला महाग.

दहा-बारा लिटरचा खाण्याच्या दर्जाचा प्लास्टिकचा डबा किंवा कोरी बादली चालते. साबणाला कधी लागलेली बादली नको. पाण्याची उंची १२ ते १५ सेंटिमीटरच ठेवा, म्हणजे अशक्त माशाला हवेसाठी लांब पोहावं लागत नाही. वरून झाकण हवंच. एक तर फायटर उडी मारतो, आणि दुसरं म्हणजे पाण्यावरची हवा उबदार राहते. झाकणाला हवेपुरती फट ठेवा.

तळाला रेती, खडे काही नको. उघड्या तळावर विष्ठा आणि उरलेलं अन्न लगेच दिसतं. आडोशाला चिनी मातीचा कप आडवा टाका आणि पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली टेकायला प्लास्टिकचं रुंद पान बांधा. २५ वॉटचा थर्मोस्टॅटवाला हिटर पुरतो. तो पूर्ण बुडलेला हवा. पाणी बदलताना पाच-दहा मिनिटं आधी बंद करा, नाहीतर उघडा पडून तडकतो. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

स्पंज फिल्टर एअर पंपावर अगदी मंद चालवा. लांब परांच्या फायटरला जोराचा प्रवाह थकवतो. फिल्टर नसेल तर रोज तिसरा हिस्सा ते अर्धं पाणी बदलायची तयारी ठेवा. नळी तोंडाने ओढून पाणी काढू नका. कारण पुढे येईल.

मीठ कोणतं, किती आणि किती दिवस?

साधं जाडं मीठ, आयोडीन न घातलेलं आणि मोकळं राहण्यासाठी काही न मिसळलेलं. काळं मीठ अजिबात नको.

मात्रा वजनावर मोजा. चमचा फसवतो, कारण जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा आहे. दहा लिटरला पहिल्या दिवशी १० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी आणखी १० ग्रॅम. पांढरे ठिपके किंवा मखमली रोग (दोन्हींची ओळख पुढच्या उत्तरात) असेल तर तिसऱ्या दिवशी अजून १०, म्हणजे लिटरला ३ ग्रॅम. त्यापुढे नको. मीठ वेगळ्या भांड्यात टाकीच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून थोडं थोडं ओता; अख्खे खडे माशाच्या अंगावर बसले तर कातडी भाजते.

सगळ्यात जास्त चूक होते ती पाणी बदलताना. दहा लिटरपैकी पाच लिटर काढलं तर नव्या पाच लिटरपुरतंच मीठ घालायचं. लिटरला २ ग्रॅमवर असाल तर १० ग्रॅम, २० नव्हे. पूर्ण मात्रा पुन्हा घातली की दोन-तीन बदलांत मीठ जवळजवळ दुप्पट होतं. आणि पाणी नुसतं वाफ होऊन कमी झालं असेल तर साधं पाणीच भरायचं, कारण मीठ वाफेबरोबर जात नाही.

दहा दिवसांच्या वर मिठात ठेवू नका. काढतानाही रोज पाव पाणी बिनमिठाचं बदलत उतरवा. नायट्राइट वाढलं असेल तेव्हा मीठ फार उपयोगी पडतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. पोट फुगलेल्या माशाला मात्र हे मीठ नाही; त्याचं उत्तर पुढे आहे.

अंगावर पांढरं दिसतंय. कोणता रोग?

पांढऱ्या रंगाचे किमान चार वेगळे आजार आहेत आणि त्यातल्या दोघांचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून आधी नीट बघा. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरका धरा आणि मासा वळताना पाठीवर, कल्ल्याच्या झाकणावर लक्ष ठेवा.

रव्याच्या कणाएवढे सुटे, उठावदार ठिपके परांवर आणि अंगावर असतील तर तो पांढरे ठिपके रोग, म्हणजे इक. मासा वस्तूंना अंग घासतो. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो गळून तळाशी जातो, फुटून त्याची शेकडो पिल्लं पोहायला लागतात, तेव्हाच मीठ किंवा औषध त्यांना मारतं. म्हणूनच दोन दिवसांत ठिपके गेले म्हणून उपचार थांबवला की आठवड्याने दुप्पट ठिपके येतात. तापमान दिवसाला एक-दीड अंशाने चढवत ३० पर्यंत न्या, लिटरला ३ ग्रॅम मीठ ठेवा, रोज तळाची घाण नळीने ओढून काढा, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही चार-पाच दिवस चालू ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप सुरू हवा.

टॉर्चच्या तिरक्या उजेडात सोनेरी किंवा गंजासारखी भुकटी चमकली तर मखमली रोग. सरळ उजेडात तो दिसतच नाही, म्हणून उशिरा कळतो. याचा परजीवी प्रकाशावरही जगतो. टाकीभोवती जाड कापड गुंडाळून अंधार करा आणि मीठ किंवा मिथिलीन ब्लू द्या. हा इकपेक्षा जिवावरचा आहे, एक दिवसही वाया घालवू नका.

तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पसरलेला करडा-पांढरा पट्टा, कडा झिजलेल्या, आणि काही तासांत वाढतोय असं वाटलं तर तो कॉलमनॅरिस हा जिवाणूचा रोग. यात तापमान वाढवायचं नाही. उष्णतेत तो चोवीस तासांत मासा नेऊ शकतो. इकचं औषध म्हणून हिटर वाढवणं इथे घातक ठरतं. पाणी हळूहळू २४ अंशांपर्यंत उतरवा, रोज अर्धं पाणी बदला आणि त्याच दिवशी पशुवैद्याला फोटो दाखवा.

जुन्या जखमेवर लांब तंतूंची पांढरी लव दिसली तर बुरशी. ती सहसा मेलेल्या कातडीवरच येते. मीठ आणि मिथिलीन ब्लूने बरी होते.

आणि हे आजार नाहीत: मादीच्या पोटाखाली, पुढच्या परांच्या मागे असलेला एकच पांढरा ठिपका हा अंडी बाहेर पडण्याचा अवयव आहे. नराच्या कल्ल्याच्या झाकणाखालून डोकावणारी काळसर झालर ही त्याची दाढी. या दोन्ही गोष्टींवर विनाकारण औषधं दिली जातात.

पर झिजलेत की फाटलेत?

सरळ चीर, कडा स्वच्छ, बाकी पर ठीक: प्लास्टिकच्या वनस्पतीत अडकून फाटला. अर्धचंद्रासारखे तुकडे एका रात्रीत गायब: स्वतःच चावलाय, हे लांब शेपटीच्या नरांत बरंच दिसतं. कडा काळ्या किंवा लाल, दिवसागणिक आत सरकणाऱ्या: पर सडणे.

तिन्हींत पहिला आठवडा फक्त स्वच्छ, कोमट, २६–२७ अंशांचं पाणी आणि लिटरला १ ग्रॅम मीठ. पर सडण्याच्या साध्या प्रकरणांत एवढ्यावरच थांबतं. भरून येताना कडेला पातळ, पारदर्शक, रंगहीन पट्टी दिसते. पुष्कळजण तिला नवी सड समजून पुन्हा औषध घालतात. ती नवी वाढ आहे, तिला हात लावू नका. रंग नंतर भरतो. पूर्ण पर यायला काही आठवडे लागतात. सड अंगापर्यंत पोहोचली किंवा लाल रेषा दिसल्या तर मात्र पशुवैद्य गाठा.

पोट फुगलंय, मासा आडवा तरंगतोय.

बहुधा बद्धकोष्ठ. त्याचं जठर साधारण डोळ्याएवढं असतं आणि कोरडे दाणे आत जाऊन फुगतात. दोन-तीन दिवस काहीही देऊ नका. निरोगी फायटरला एवढा उपास सहज झेपतो. पाणी २७ अंशांवर ठेवा. मग डॅफ्निया (पाण्यातला बारीक कवचधारी जीव) द्या, गोठवलेलाही चालतो. इंटरनेटवर सांगतात तो उकडलेला वाटाणा टाळा, हा मांसाहारी मासा आहे.

नाही सुटलं तर मेडिकलमध्ये मिळणारं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, दहा लिटरला १० ग्रॅम. हे नेहमीचं मीठ नव्हे. विकत घेताना पाकिटावर सुगंध किंवा तेल घातल्याचं लिहिलं नाही ना, हे वाचा. पाय शेकायला विकतात त्यात बऱ्याचदा असतं.

खवले उभे राहिलेत.

वरून बघा. सीताफळाच्या सालीसारखे खवले बाहेर उठले असतील तर ड्रॉप्सी. हा स्वतंत्र रोग नसून मूत्रपिंड निकामी होऊन अंगात पाणी साचल्याचं चिन्ह आहे. नेहमीचं मीठ इथे अपाय करतं. आधीच्या उत्तरात सांगितलेल्या मात्रेत एप्सम सॉल्ट, २७ अंश, शांत अंधारी जागा आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने अँटिबायोटिक. खरं सांगायचं तर सगळ्या बाजूंनी खवले उठल्यावर वाचणारे मासे थोडेच असतात. नुसतं पोट फुगलेलं असतानाच हालचाल केली तर आशा जास्त.

मिथिलीन ब्लू कसं द्यायचं?

बाटलीवर तीव्रता छापलेली असेल तरच. १ टक्क्याच्या द्रावणाचे २ मिलिलिटर दहा लिटरला म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, ही पुरेशी मात्रा. थेंब मोजू नका, सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज वापरा. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. दोन औषधं एकत्र करू नका. तीव्रता नसलेली निळी बाटली दुकानदार 'पाच थेंब टाका' म्हणून देतो. ती घेऊ नका.

माणसांच्या गोळ्या फोडून घातल्या तर?

नको. टेट्रासायक्लिनसारखं औषध जड पाण्यातल्या कॅल्शियमशी बांधलं जाऊन निकामी होतं, पाणी तांबूस-तपकिरी होतं आणि गुण येत नाही. अर्धवट मात्रेने औषधाला न जुमानणारे जिवाणू मात्र तयार होतात. माशांचे पशुवैद्य कमी आहेत, तरी मुंबईत परळच्या किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. जाताना टाकीच्या पाण्याचे आकडे आणि माशाचा छोटा व्हिडिओ न्या.

बदामाचं पान, हळद, कडुनिंब यांचं काय?

पान चालतं, पण ते देशी बदामाचं: कोकणात आणि मुंबईच्या रस्त्यांवर आडव्या फांद्यांचं, मोठ्या पानांचं झाड असतं ते. जंगली बदाम म्हणतात ते झाड वेगळं. आपोआप गळलेलं, पूर्ण तपकिरी, वाळलेलं पान घ्या, धुवा, दहा लिटरला तळहाताएवढा तुकडा टाका. दोन-तीन दिवसांत पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्यातलं टॅनिन सौम्य जंतुरोधक आहे आणि मासा शांत होतो. औषधाची जागा ते घेत नाही. फवारणी होणाऱ्या बागेतलं पान नको.

हळद, कडुनिंबाचं तेल, लसणाचा रस पाण्यात घालू नका. मात्रा ठरलेली नाही, आणि तेलाचा तवंग पृष्ठभागावर आला की फायटरचा हवा घेण्याचा मार्गच बंद होतो.

आजारपणात खायला काय, किती?

पहिले एक-दोन दिवस काही नाही. मग दिवसातून एकदा दोन दाणे, टाकीच्या पाण्यात पाच मिनिटं भिजवून. पाच मिनिटांत खाल्लं नाही तर काढून टाका. गोठवलेला आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक जीव) भूक चाळवायला चांगला. जिवंत ट्युबिफेक्स (गांडुळासारखा बारीक लाल किडा) बऱ्याचदा गटारांच्या गाळातून येतो, आजारी माशाला तो देऊच नका. डासांच्या अळ्या त्याला प्रिय असतात, पण त्यासाठी घरात पाणी साचवून ठेवणं म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात डेंग्यू नेणं.

वीज गेली तर?

हवेसाठी घाबरू नका, तो वरून श्वास घेतो. थंडीत टाकीला घोंगडी गुंडाळा. बाटलीत गरम पाणी भरून, घट्ट बूच लावून ती टाकीत तरंगवा. गरम पाणी थेट ओतू नका. दहा लिटरची टाकी नाशिक-पुण्याच्या डिसेंबरातल्या रात्री झपाट्याने थंड होते. एप्रिल-मेमध्ये उलट, पाणी ३२ च्या वर गेलं तर झाकणाऐवजी जाळी लावा आणि पंख्याचा वारा पाण्यावरून जाऊ द्या. बर्फ टाकू नका.

त्याचा रोग माणसाला होतो का?

बहुतेक होत नाहीत. अपवाद माशांच्या क्षयाचा जिवाणू, जो हाताच्या जखमेतून शिरून महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी करतो. हाताला चीर असेल तर रबरी हातमोजे घाला, नंतर साबणाने धुवा. नळी तोंडाने ओढू नका ते याचसाठी. पाठ वाकडी होणं, खात असूनही पोट खपाटीला जाणं ही माशाला हा क्षय झाल्याची खूण.

बरा होतोय हे कशावरून?

माणूस आल्यावर पुढे येतो, पर उघडतो, दाणा पाहून झेपावतो. अंगावरचे ताणाचे आडवे पट्टे जातात. फेसाचं घरटं मात्र पुरावा धरू नका, आजारी नरही ते बांधतो. बघायला म्हणून आरसा दाखवू नका. आत्ता त्याची शक्ती त्यात घालवायची नाही.

काहीच उपाय नसेल तर?

तो आडवा पडून आहे, दिवसेंदिवस खात नाही, श्वासासाठी वर येता येत नाही, तर त्याला त्रासातून सोडवणं हेही शुश्रूषेतच येतं. मेडिकलमधलं शुद्ध लवंगतेल घ्या. टाकीचंच एक लिटर पाणी भांड्यात काढून त्यात मासा ठेवा. छोट्या बाटलीत कोमट पाणी आणि तेलाचे चार-पाच थेंब जोरात हलवून पांढरट झालं की हळूहळू ओता. काही मिनिटांत तो झोपी जाऊन कलंडतो. मग आणखी दहा-बारा थेंब तसेच मिसळून घाला आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास तसाच ठेवा. जिवंत मासा फ्रीजरमध्ये किंवा संडासात टाकू नये. नदी-तलावात सोडूही नये. तो इथला नाही आणि रोग तिथल्या माशांना देतो.

बरा झाल्यावर मूळ टाकीत कधी?

औषध थांबवून आठवडाभर लक्षण नसेल तेव्हा. इक किंवा मखमली रोग होता आणि मूळ टाकीत दुसरा मासा नसेल तर फायटर बाहेर असेल तेवढा काळ, किमान दहा दिवस, ती २८ अंशांवर रिकामी चालवा. मासा न मिळाल्याने परजीवी मरतात. मात्र फिल्टरमधले जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून दर दोन दिवसांनी चिमूटभर दाणे टाका आणि मासा सोडण्याआधी अमोनिया, नायट्राइट शून्य आहे ना ते बघा.

सोडताना दोन्ही टाक्यांचं तापमान जुळवा. माशाला दीड-दोन लिटर पाण्यात घ्या आणि दर दहा मिनिटांनी मूळ टाकीचं एक कपभर पाणी त्यात घालत तासभर लावा. मग जाळीऐवजी कपाने उचला, पर फाटत नाहीत. उपचाराचं पाणी मूळ टाकीत जाऊ देऊ नका. डबा, नळी आणि कप एक भाग ब्लीच, वीस भाग पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, वास जाईपर्यंत धुवा, अँटीक्लोरीनच्या पाण्यातून काढा आणि कडक उन्हात वाळवा. क्षयाचा संशय असेल तर स्पंज फेकून द्या, तो जिवाणू ब्लीचलाही चिवट आहे.